विज्ञान शिक्षकांचं वर्कशॉप घ्यायचंय? मग प्रयोग फसायला वेळ ठेवा

शाळेतल्या विज्ञान शिक्षकांसाठी प्रयोगांचं वर्कशॉप घ्यायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी प्रयोगांची यादी करायला बसतात. चाळीस प्रयोग, पन्नास प्रयोग, जेवढे जास्त तेवढं वर्कशॉप भारी. मीपण सुरुवातीला हेच करायचो. पुढे टेबल मांडायचो, एकामागून एक प्रयोग करून दाखवायचो, समोर शिक्षक मोबाईलवर व्हिडिओ काढतायत, मध्येमध्ये टाळ्या, शेवटी फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांचं "खूप छान". मग दोन-तीन महिन्यांनी त्यातलेच काही जण भेटले, त्यांना विचारलं वर्गात काय काय केलंत, तर एकानेही एकही प्रयोग केलेला नव्हता. आळशीपणा म्हणून नाही. एक बाई अगदी मनापासून म्हणाल्या, "सर, तुम्ही केलंत तेव्हा झालं, माझ्याकडनं नाही झालं तर पोरांसमोर काय करू?"

ते वाक्य माझ्या डोक्यातनं आजतागायत गेलेलं नाही. मला तेव्हा कळलं की प्रयोग यशस्वी झालेला त्यांनी पन्नास वेळा पाहिलाय, फसलेला प्रयोग हातात धरून तो सरळ कसा करायचा हे कुणी त्यांना कधी करू दिलेलंच नाही. तेव्हापासून मी वर्कशॉप आखताना एकच बघतो, शिक्षकाच्या हातात प्रयोग फसायला आणि त्यानेच तो दुरुस्त करायला पुरेसा वेळ आहे का. बाकी सगळं त्यावरनं ठरतं, माणसं किती, सामान काय, तास किती, सगळं.

माणसं आणि वेळ

२४ च्या वर जाऊ नका. आयोजक म्हणतात हॉल मोठा आहे, साठ जण बसतील, बसतील हो, पण साठ जणांना हात चालवता येणार नाहीत. तीन-तीन जणांचे आठ गट करा. पाच जणांचा गट केला की दोघं करतात, एक जण लिहितो आणि उरलेले दोघं गप्पा मारतात, हे अगदी ठरलेलं. तिघांत कुणाला मागे बसायला जागाच राहत नाही. आणि एकाच शाळेचे तिघं एका गटात नकोत, कारण मग तिथल्या सीनियर सरांच्या हातात सामान जातं आणि बाकीचे मान डोलवत राहतात. घेणारे निदान दोघं हवेत, एक जण बोलत असताना दुसऱ्याला गटागटांत फिरता आलं पाहिजे.

दिवसाला तीन प्रयोग. हो, तीनच. एकेकाला दीड तास. हे ऐकून आयोजक नाराज होतात, त्यांना रिपोर्टमध्ये मोठा आकडा लागतो, तिथे थोडं ठाम राहावं लागतं. दीड तासातली पहिली वीस मिनिटं अंदाज बांधण्यात जातात, मग अर्धा-पाऊण तास हातातलं काम, आणि उरलेला वेळ जे झालं त्यावर बोलण्यात. हे बोलणं कापलं तर मागचं सगळं वाया गेलं समजा. उद्घाटन, स्वागत, भाषणं यांना दहा मिनिटांत उरका, जमलं तर पूर्णच टाळा.

सामान

आदल्या दिवशी प्रत्येक गटाचा ट्रे भरून ठेवायचा. आठ गट असले तर दहा ट्रे, कारण दोन ठिकाणी काहीतरी मोडणार, हरवणार, चालणार नाही. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ज्या लॉटमधलं सामान ट्रेमध्ये जाणार त्याच लॉटमधलं घेऊन प्रत्येक प्रयोग आधी स्वतः करून बघा, मागच्या वर्षी झाला होता म्हणून यंदा होईल असं धरून चालू नका. एकदा मोटरच्या प्रयोगाची वायर दिसायला तीच होती पण कोटिंग इतकं चिवट की नखाने काय, ब्लेडनेही निघेना, आणि हे मला आठ गट समोर बसल्यावर कळलं. ती सकाळ फार जड गेली.

सामान असं निवडा की शिक्षकाला ते आपल्या गावात शोधून जमवता येईल. सेल, वायर, बल्ब, रबर बँड, सेफ्टी पिना, ग्लास, मेणबत्ती, दोरा, नट. कॅटलॉगमधनं मागवलेलं चकचकीत किट पाहून शिक्षकाच्या मनात पहिला विचार येतो की हे माझ्या शाळेत नाही, आणि तिथेच दार बंद होतं. मायक्रोस्कोप नसेल तर पिनेने पाडलेल्या भोकात पाण्याचा थेंब बसवून केलेलं भिंगही पुष्कळ दाखवतं.

शिवाय हॉलच्या एका कोपऱ्यात एक दुरुस्तीचं टेबल मांडा. पक्कड, कात्री, पॉलिश पेपर, चिकटपट्टी, जादा सेल, भिंग आणि एक साधा मल्टिमीटर. ज्याचा प्रयोग अडला त्याने तुम्हाला हाक मारायची नाही, सरळ उठून त्या टेबलाकडे जायचं. मल्टिमीटर कसा वापरायचा ते पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत सगळ्यांना दाखवून टाका, नवा सेल दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो, सव्वाच्या खाली गेलेला बाजूला काढा. एवढं आलं तरी वर्गातल्या निम्म्या अडचणी सुटतात, कारण विजेचा प्रयोग फसला की फार वेळा दोष त्या संपलेल्या सेलचाच असतो.

सुरुवात: एक सेल, एक बल्ब, एक वायर

ओळखपरेडीपेक्षा ही सुरुवात मला आवडते. प्रत्येकाला टॉर्चचा छोटा बल्ब, एक सेल आणि वीतभर वायर, दोन्ही टोकं सोललेली. होल्डर द्यायचा नाही, दुसरी वायरही नाही. आणि आधी कशालाच हात लावायचा नाही, फक्त कागदावर चित्र काढायचं की हे तीन तुकडे कसे जोडले तर बल्ब पेटेल.

चित्रं बघत फिरा पण काही बोलू नका. बऱ्याच चित्रांत सेलच्या वरच्या टोकापासून वायर निघते, बल्बच्या बुडाला येते आणि तिथेच संपते, जणू वीज नळाच्या पाण्यासारखी बल्बमध्ये ओतायची असते. काहींच्या चित्रात जोडण्या दोन असतात पण दोन्ही बल्बच्या बुडालाच. मग म्हणायचं, करून बघा. पहिली दोन-तीन मिनिटं हॉल एकदम शांत होतो, आणि मग कुठेतरी एक बल्ब पेटतो आणि तिथून "अरे!" असा आवाज येतो. कुणाची वायर गरम झाली की लगेच सोडायला सांगा, त्यांनी सेलची दोन टोकं थेट जोडलेली असतात. त्यांनाच विचारा की वायर गरम झाली पण बल्ब का नाही पेटला, शॉर्टसर्किट म्हणजे काय हे त्यांना स्वतःच्या बोटांना कळलेलं असतं.

एकाचा पेटला म्हणून थांबू नका. अशा जोडण्या चार आहेत, चारही शोधायला सांगा. बल्बचं बुड सेलच्या प्लसवर टेकवून वायर मायनसपासून बल्बच्या धातूच्या कडेला, तसंच बुड मायनसवर टेकवून, आणि मग कड सेलला लावून वायर बुडाला, तेही दोन्ही बाजूंनी. चार सापडल्यावर भिंग द्या आणि बल्बच्या आत बघायला सांगा. काचेच्या आत दोन जाड तारा दिसतात, त्यातली एक खाली बुडातल्या टिकलीला गेलेली, दुसरी कडेच्या धातूला जोडलेली, आणि या दोघांच्या मध्ये वीज न वाहणारा काळा किंवा काचेचा पट्टा. म्हणजे सर्किट बल्बमध्ये एका दाराने आत जातं आणि दुसऱ्याने बाहेर येतं.

एक सर होते, वीस-बावीस वर्षं विज्ञान शिकवतायत, ते बल्ब डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर्किट पूर्ण पाहिजे असं मी दर वर्षी सांगतो, पण बल्बच्या आत ते कुठून जातं हे मला आज दिसलं." असं कुणी बोललं की त्या माणसाचा मान राखा. हसू नका, दुसऱ्या कुणाला हसू देऊ नका, "बघा म्हणजे इतकी वर्षं चुकीचं" असलं काही तर अजिबात म्हणू नका. त्या एका वाक्याने बाकी तेवीस जणांना आपल्यालाही हे माहीत नव्हतं असं मोकळेपणाने बोलायची परवानगी मिळालेली असते.

(टॉर्चचे असे बल्ब आता सहज मिळत नाहीत, एलईडीच मिळतात. एलईडी घेतलात तर एक सेल पुरत नाही आणि उलटा लावला तर तो पेटतच नाही, त्यामुळे तो वेगळाच प्रयोग होतो. चांगला आहे, पण याच्या नंतरचा.)

मेणबत्ती आणि ग्लास

हा प्रयोग जवळपास प्रत्येक शिक्षकाने केलेला किंवा पाहिलेला असतो, म्हणूनच घ्यायचा. ताटलीत रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. का चढलं विचारलं की एका सुरात उत्तर येतं, ऑक्सिजन जळून गेला आणि त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन २१ टक्के म्हणून पाणी साधारण पाचवा हिस्सा चढतं. अगदी पाठ.

तुम्ही खोडून काढू नका. फक्त म्हणा, पुन्हा करा आणि या वेळी दोन गोष्टींवर नजर ठेवा, ग्लास टेकवताना त्याच्या काठाशी काय होतं, आणि पाणी नक्की कधी चढतं. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे टिकतात. ग्लासवर मार्करने खुणा करा. मग तेच एक मेणबत्ती, दोन मेणबत्त्या, तीन मेणबत्त्या असं करा, ग्लास तोच, पाणी तेवढंच, मेणबत्तीची उंची तीच.

आता हळूहळू कुरबुर सुरू होते. कुणाला काठातनं बुडबुडे बाहेर येताना दिसतात. कुणी म्हणतं की ज्योत होती तोवर पाणी फारसं हललंच नाही, विझल्यावर सर्रकन वर आलं. आणि तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढलं! ऑक्सिजन तर ग्लासात तेवढाच होता, मग मेणबत्त्या वाढवून पाणी जास्त का चढावं? हा प्रश्न गटातल्याच कुणीतरी विचारायची वाट बघा, दहा मिनिटं लागली तरी बघा.

मग एक तोडगा सुचवा, ज्योतीशिवाय करून बघायचा. ग्लास गरम पाण्यात थोडा वेळ धरा, आतलं पाणी ओतून टाका आणि लगेच ताटलीतल्या पाण्यावर उपडा ठेवा. हवा थंड होत जाते तसं पाणी आत चढतं, आणि इथे तर काहीच जळलेलं नाही. म्हणजे मुख्य कारण हे की ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून काही बुडबुड्यांतून बाहेर गेली, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आक्रसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकललं. जळताना ऑक्सिजन खर्च होतो हे खरं, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, आणि मेणबत्ती तर हवेत सोळा टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरलेला असतानाच विझते. सगळा ऑक्सिजन कधी संपतच नाही.

इथे शिक्षक एक फार खरा प्रश्न विचारतात, परीक्षेत मुलांनी काय लिहायचं? टाळू नका याला. मी सांगतो की मुलांना आधी बुडबुडे बघू द्या आणि तीन मेणबत्त्यांचं कोडं सोडवू द्या, ऑक्सिजन जळायला लागतो हा मुद्दा त्यात कुठे पुसला जात नाही. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळच्या सुट्टीत मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती, सहा! एका मेणबत्तीत एवढं भरलेलं असतं, आपण ती एका ओळीच्या उत्तरात संपवतो.

मोटर: फसण्याचा खास तास

दुसऱ्या दिवशी सकाळी हा घ्या, माणसं ताजी असतात आणि एकमेकांना ओळखायला लागलेली असतात. टॉर्चचा मोठा सेल, अर्ध्या मिलिमीटर जाडीची इनॅमल कोटिंगची तांब्याची वायर साधारण सव्वा मीटर, दोन मोठ्या सेफ्टी पिना, एक जाड रबर बँड, एक चुंबक. वायरचे सेलभोवती दहा वेढे घ्यायचे, ते काढून दोन टोकं समोरासमोर सरळ बाहेर आणायची आणि वेढ्यांभोवती दोन-दोनदा गुंडाळून पक्की करायची. पिना रबर बँडने सेलच्या दोन टोकांना धरून ठेवायच्या, पिनांच्या डोळ्यांत वेटोळ्याची टोकं अडकवायची, चुंबक सेलवर वेटोळ्याच्या बरोब्बर खाली.

खरी गंमत कोटिंग खरवडण्यात आहे. एक टोक सगळ्या बाजूंनी खरवडायचं. दुसरं टोक अर्धंच, वेटोळं उभं धरायचं, टोक टेबलावर टेकवायचं आणि फक्त वरची बाजू पॉलिश पेपरने घासायची. हे सांगताना कारण सांगू नका, नाहीतर सगळी मजा गेली. उलट मी काही गटांना दोन्ही टोकं पूर्ण खरवडायला सांगतो. त्यांचं वेटोळं झटका खातं, अर्धं वळतं, परत येतं, थरथरत राहतं, पण फिरत नाही. शेजारच्या गटाचं मात्र भिंगरीसारखं फिरतंय. मग दोन गट एकमेकांच्या टेबलावर जातात आणि फरक शोधतात. सतत करंट गेला तर पहिल्या अर्ध्या फेरीत वेटोळं जिकडे ढकललं जातं त्याच्या उलट दुसऱ्या अर्ध्या फेरीत ढकललं जातं, म्हणून ते अडतं. अर्ध्या फेरीत करंट बंद पडला की वेटोळं मिळालेल्या वेगाने पुढे सरकतं आणि पुन्हा ढकललं जातं. मोटरच्या आकृतीतला कम्युटेटर नावाचा जो भाग कुणालाच नीट कळत नाही तो दर अर्ध्या फेरीला करंटची दिशा उलटवतो, इथे ते अर्धं खरवडलेलं टोक करंट नुसता तोडून तेच काम भागवतं. १८२० मध्ये अर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने तारेतल्या करंटने होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं आणि पुढच्याच वर्षी फॅरेडेने चुंबकाभोवती तार फिरवून दाखवली, ते सगळं इथे एका सेलवर.

पण पहिल्या फटक्यात फिरणाऱ्या मोटरी थोड्याच असतात, आणि आपल्याला तेच तर हवंय. तुमचा हात शिवशिवतो, पटकन घेऊन करून द्यावंसं वाटतं. नका करू! मी हात मागे बांधून फिरतो, शब्दशः. फिरत नाही म्हणाले की मी एकच विचारतो, करंट जातोय का, कसं कळेल? मग ते सेल तपासतात, पिन टोकाला घट्ट टेकलीय का बघतात, पिनेवर गंज किंवा लाखेसारखा थर असला तर तो घासतात, कोटिंग खरंच निघालंय का ते भिंगाने बघतात, वेटोळं एका बाजूला जड आहे का ते बोटाने फिरवून बघतात, चुंबक जवळ आणतात. या क्रमाने गेलं की दोष सापडतोच. हा क्रम त्यांनी स्वतःच्या शब्दांत कागदावर लिहायचा आणि तो कागद वर्गात घेऊन जायचा. एक लक्षात ठेवा, अडकलेलं वेटोळं तसंच जोडून ठेवलं तर वायर आणि सेल चांगले तापतात, वायरचा रोध अगदीच कमी असतो, त्यामुळे फिरत नसेल तर लगेच उचलायचं.

लंबक, मोजण्यासाठी

मोजमापाचा एक तरी प्रयोग हवाच. दोऱ्याला नट बांधून लंबक करा, प्रत्येक गटाला वेगळी लांबी द्या, २० सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत, आणि ३० सेकंदांत किती हेलकावे होतात ते मोजायला सांगा. एक पूर्ण हेलकावा म्हणजे जाऊन परत येणं, हे आधी सगळ्यांचं एक करून घ्या, नाहीतर निम्म्या गटांचे आकडे दुप्पट येतात. लांबी गाठीपासून नटच्या मधोमध मोजायची. मग भिंतीवर एका आडव्या पट्टीवर आकडे लिहून त्या त्या आकड्याखाली प्रत्येक गटाने आपला लंबकच टांगायचा. एक मीटरचा १५ च्या खाली येतो, २५ सेंटीमीटरचा ३० च्या खाली. सगळे लंबक टांगले की भिंतीवर नटांची एक वक्ररेषा तयार होते, ग्राफ काढायच्या आधीच ग्राफ समोर. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट, हे सूत्र न सांगता बाहेर येतं. एखाद्याचा नट त्या रेषेतून बाहेर लटकत असेल तर त्यांनीच परत मोजावं. जड नट लावला तर काय, जास्त ओढून सोडला तर काय, हे शिक्षकांना आधी हात वर करून मत द्यायला लावा आणि मग मोजायला. वजनाने फरक पडेल असं म्हणणारे बरेच असतात.

बोलायचं कसं, गप्प कसं बसायचं

वर्कशॉप घेणाऱ्याला सगळ्यात कठीण जातं ते गप्प बसणं. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग्ज ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचार करून दिलेली यायला लागतात. शिक्षकांच्या वर्कशॉपलाही हे जसंच्या तसं लागू. मनात तीनपर्यंत मोजा, मग पाचपर्यंत मोजा. कुणी बरोबर उत्तर दिलं तर लगेच "बरोब्बर" म्हणून टाकू नका, "बाकीच्यांना काय वाटतं" असं विचारा, कारण "बरोब्बर" म्हटलं की बाकी सगळ्यांचा विचार तिथेच थांबतो.

"मला माहीत नाही, करून बघू" हे वाक्य दिवसातून दोन-तीनदा तुमच्या तोंडून यायला हवं आणि ते खरं असायला हवं. ते वाक्य शिक्षकांनी तुमच्या तोंडून ऐकलं की वर्गात त्यांनाही ते म्हणता येतं.

काळजी

ज्योत असली की मोकळे केस आणि ओढणी बांधून, जवळ पाण्याची बादली, टेबलावर कागदांचा पसारा नाही. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, टूथपेस्ट वगैरे काही नाही. भिंतीतल्या प्लगची वीज कुठल्याही प्रयोगात नको. बटण सेल आणि छोटे ताकदवान चुंबक लहान मुलांच्या वर्गात नेऊ नका, गिळले गेले तर फार वाईट होतं. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर घट्ट झाकणाच्या बाटलीत कोंडायचं नाही. हे सगळं एका दमात वाचून न दाखवता ज्या प्रयोगाचं त्या प्रयोगाआधी सांगा, तेव्हाच लक्षात राहतं.

वर्गात न्यायची तयारी

शेवटच्या दिवसाची पूर्ण दुपार यासाठी ठेवा. प्रत्येक गटाने एक प्रयोग निवडायचा आणि दुसऱ्या गटाला पंधरा मिनिटं शिकवायचा, दुसऱ्या गटाने खोडकर मुलांची नाटकं न करता स्वतःला खरोखर पडलेले प्रश्न विचारायचे. त्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या, हा प्रयोग कुठल्या धड्याला जोडणार, मुलांना पहिला प्रश्न काय विचारणार, आणि फसला तर काय करणार. तिसऱ्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. "पुन्हा करेन" एवढंच लिहिलेलं चालत नाही, आधी काय तपासणार ते लिहायला लावतो.

मोठ्या वर्गाचा प्रश्न येतोच. पन्नास-साठ मुलं, चाळीस मिनिटांची तासिका, मदतीला कुणी नाही. त्यावर जे चालताना मी पाहिलंय ते असं, सामान बेंचवर आधी वाटायचं नाही, अंदाज लिहून झाला की प्रत्येक गटातला एक जण येऊन ट्रे घेऊन जातो, आणि शेवटची पाच मिनिटं सामान मोजून परत करायला राखीव. एका तासिकेत अंदाज आणि प्रयोग, दुसऱ्या तासिकेत चर्चा, असं तोडलं तरी चालतं. आणि सुरुवात एकाच वर्गापासून करायची, सगळ्या तुकड्यांना एकदम नाही.

शिक्षक परत जाताना हातात ट्रे असला पाहिजे. प्रमाणपत्र द्या हवं तर, पण त्यांनी स्वतः केलेली मोटर, स्वतः लिहिलेला तपासण्याचा कागद आणि एका गटापुरतं सामान हे पिशवीत जायलाच हवं, नाहीतर सोमवारी शाळेची इतर कामं अंगावर पडतात आणि राहून जातं.

तीन आठवड्यांनी परत

फॉलोअप नसलेलं वर्कशॉप मी आता घेतच नाही. तीन-चार आठवड्यांनी अर्ध्या दिवसासाठी सगळे पुन्हा एकत्र, आणि निरोप असा द्यायचा की जे जमलं त्याचे फोटो नकोत, जे फसलं ते घेऊन या. पहिल्यांदा हा निरोप दिला तेव्हा मला वाटलं कुणी काही आणणार नाही. पण एक बाई काडेपेटीत वेटोळं घेऊन आल्या, सोबत पिना आणि सेल. मोटर वर्गात फिरली नव्हती, मुलांनी कागदावरच्या क्रमाने सगळं तपासलं होतं, सेल बदलला, कोटिंग पाहिलं, चुंबक बदलला, आणि त्या कागदाखाली एका मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं, "पिन एका बाजूला थोडी उंच आहे, म्हणून वेटोळं घसरतं. उद्या कमी करू." बाईंनी ते सगळं दुरुस्तीच्या टेबलावर मांडलं. तीन-चार जण उठून आले, एका सरांनी खाली वाकून पिनांची उंची डोळ्यांच्या रेषेत घेतली, म्हणाले "बरोबर आहे पोरीचं", आणि पक्कड मागितली. बाईंनी ती त्यांच्या हातात दिली नाही, स्वतःच पिन वाकवायला घेतली.